निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान

उभा राहा. काट्यावर नव्हे, इथे माझ्यासमोर. वय 43 झालं, केस पिकले, म्हणून मी ‘अहो’ म्हणेन अशी आशा धरू नकोस.

काल रात्री तू वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला, चरबी दाखवणाऱ्या वजनकाट्याचा फोटो पाहिला. सकाळी चरबी 28.4 टक्के, संध्याकाळी 26.9. खाली तुझी ओळ: ‘एकादशी फळाला आली, एका दिवसात दीड टक्का साफ!’ आणि त्यावर बावीस जणांचे अंगठे. बावीस! त्यातले चौघे इंजिनिअर. काट्याला हे कळलं कसं, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. पस्तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं, की नुसता फळा पुसला?

हिशेब कर. मोबाइल ठेव खाली, तोंडी कर. तुझं वजन 80 किलो. त्याचा दीड टक्का म्हणजे 1.2 किलो. एक किलो चरबी जाळायला साधारण 7,700 कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. म्हणजे झाल्या सव्वानऊ हजार. तुझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला दिवसाला लागतात सुमारे 2,300. चार दिवस पोटात अन्नाचा कण गेला नसता, तेव्हा कुठे हा आकडा जमला असता. आणि तू काय केलंस? एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू. चरबी गेली कुठे, वाफ होऊन?

आता काट्याचं गुपित ऐक. चरबी त्याने आयुष्यात कधी पाहिलेली नाही. तो दोनच गोष्टी मोजतो. एक वजन. ते तो बरं मोजतो, फरशी सपाट आणि कडक असली म्हणजे. दुसरी गोष्ट रोध. दहावीत ओहमचा नियम घोकला होतास ना? तुझ्या एका तळपायातून एक मिलिअँपियरपेक्षाही कमी धारा आत सोडतात, सेकंदाला साधारण 50 हजार आवर्तनं घेणारी. दुसऱ्या तळपायाशी तिला वाटेत किती अडथळा झाला ते पाहतात. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, म्हणून तिथून ती सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे ती अडते. झालं मोजमाप. इथून पुढे सगळं अंदाजपंचे.

तुझं शरीर म्हणजे सगळीकडे सारख्या जाडीचं एक नळकांडं आहे, असं समजायचं. उंचीचा वर्ग घ्यायचा, रोधाने भागायचं, त्यावरून अंगातलं पाणी किती ते ठरवायचं. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे 73 टक्के पाणी असतं असं धरायचं. मग वय, वजन, स्त्री की पुरुष, हे सूत्रात मिसळायचं, आणि वजाबाकी करून उरेल ती चरबी. त्या सूत्रात काय काय घातलंय, ते कंपनी सहसा सांगत नाही. आणि या सगळ्या ‘समजू या’ आणि ‘धरू या’च्या शेवटी आकडा येतो 26.9! दशांश चिन्ह पाहिलं की तुम्ही हात जोडता. अरे, अंदाजाला दशांश चिकटवलं म्हणून तो अचूक होत नाही. या काट्यांचा आकडा खऱ्यापासून चार-पाच टक्के सहज इकडेतिकडे असू शकतो, आणि तू दीड टक्क्यावर पेढे वाटतोस.

मग दिवसभरात बदललं काय? पाणी. रात्रभर आडवा होतास, पायांतलं पाणी वर सरकलं होतं. दिवसभर उभा राहिलास, फिरलास, ते पुन्हा पायांत उतरलं. संध्याकाळी घरी आलास, आईच्या धाकाने पाय धुतलेस आणि ओल्या तळव्यांनीच काट्यावर चढलास. कोरड्या, भेगाळलेल्या तळव्यांपेक्षा ओल्यांतून धारा लवकर आत शिरते. रोध कमी भरला, काट्याने अंगात पाणी जास्त धरलं आणि चरबी कमी दाखवली. यात विठोबाचा काही संबंध नाही, एकादशीचाही नाही.

आणि धारा जाते कुठून? एक पाय चढते, ओटीपोटातून आडवी होते, दुसरा पाय उतरते. तुझं पोट, जे दारातून तुझ्याआधी आत येतं, तिच्या वाटेवर जवळजवळ नाहीच. हात, छाती, पाठ तर नाहीतच. तरी काट्याचं ॲप छातीठोकपणे सांगतं, ‘पोटातली चरबी: 11’. शिवाय हाडांचं वजन आणि शरीराचं वय! हाडांपर्यंत कोण गेलं होतं? आधीच्या अंदाजावरून काढलेले हे पुढचे अंदाज. असल्या उत्तराला मी गुण दिले असते का? शून्य, आणि वही तोंडावर.

इतरांच्या शरीरांवरून बेतलेलं सूत्र आपल्याला बसेलच असं नाही, याचा धडा तर पुण्यातच आहे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ, आतून मेदस्वी, अशी आपली जात. आणि लक्षात घे, हे त्यांनी क्ष-किरणांच्या डेक्सा यंत्रावर तपासलं, न्हाणीघरातल्या काचेच्या काट्यावर नाही. डेक्सासुद्धा शेवटी अंदाजच करतं, फक्त पुष्कळ चांगला. चरबी खरोखर वजनात तोलायची तर शरीर चिरून वेगळी काढावी लागते. आहे तयारी?

इथवर मी हसून सोडलं असतं. पण तुझ्या आईचा फोन आला होता. त्याच काट्यावर तू पोरीला उभं केलंस. पंधरा वर्षांची पोर. आकडा आला 31, तू तो जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलास, आणि त्या दिवसापासून तिचा डबा शाळेतून भरलेला परत येतोय. वाढत्या अंगाची मुलगी, दर महिन्याला पाळीनुसार अंगातलं पाणी कमीजास्त होणारी, आणि तिच्यावर तू एका यंत्राचा तर्क निकाल म्हणून वाचून दाखवलास. या एका गोष्टीसाठी मी आज तुला बसू देत नाहीये.

प्रयोगवही आठवते? डावीकडे निरीक्षण, उजवीकडे अनुमान. निरीक्षणाच्या रकान्यात कुणी अनुमान लिहिलं की मी लाल शाईने पानावर उभी काट मारत असे. तुझा तो फोटो म्हणजे तेच पान आहे. निरीक्षण एवढंच: वजन 80 किलो, आणि एक रोध, जो काट्याने तुला दाखवलाही नाही.

आता शिक्षा. नवी वही घे. पहिला प्रयोग: काट्यावर उभा राहा, मग वाण्याकडचं दोन किलोचं लोखंडी माप हातात धरून पुन्हा उभा राहा. धारा त्या मापातून जाणार नाही, तरी काटा त्या लोखंडातला बराचसा भाग तुझ्या चरबीच्या खात्यावर टाकेल. दुसरा प्रयोग: ॲपमध्ये वय 43च्या जागी 25 कर, मग ‘खेळाडू’चं बटण दाब. जागेवरून न हलता किती बारीक होतोस ते लिही. तिसरा: कापडी टेप घे, श्वास सोडून कंबर मोज. आपल्या पुरुषांना 90 सेंटिमीटरच्या वर धोका. साधी पट्टी आहे, तिला ॲप नाही, पण तुझ्या पोटाबद्दल ती काट्यापेक्षा खरं बोलते.

काटा फेकू नकोस. रोज सकाळी, शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन बघ आणि आठवड्याची सरासरी काढ. चरबीचा आकडा बघायचाच तर दोन-तीन महिन्यांत तो कुठल्या दिशेने चाललाय एवढंच बघ. आणि वडिलांना पेसमेकर बसवलाय ना? त्यांना त्यावर पाऊलही ठेवू देऊ नकोस.

रविवारी वही घेऊन ये. पोरीलाही आण. तिला मी एकही प्रश्न विचारणार नाही. आमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी आहे, आणि तिच्या ताटात तूप मी स्वतः वाढणार आहे. तू समोर बसून बघायचंस, आणि तोंडातून एकही आकडा काढायचा नाहीस.