किंमत कुणी मोजायची?

माझगावातल्या माथारपाखाडीत लाकडी कठड्याची जुनी घरं अजून थोडी उरली आहेत. त्यांतल्या एका ओट्यावरचं हे बोलणं. मावशी निवृत्त शिक्षिका, भाचा इस्पितळात कामाला. विषय त्याच्या सहकाऱ्याचा.

भाचा : दर रविवारी मिस्साला येतो. रात्रपाळीत बेवारस पेशंटला तोच भरवतो. पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की गप्प. जातीचा दाखला जाईल म्हणतो. मुलगी बारावीला आहे.

मावशी : भीती खोटी नाही. १९५०च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेरच.

भाचा : पण पेत्रानं जाळी टाकून दिली, मत्तयानं जकातीचं नाकं सोडलं. याला एक कागद सोडवत नाही?

मावशी : हे विचारतंय कोण? माझं नाव चर्चच्या वहीत चढलं तेव्हा मी दुपट्यात झोपले होते. शिष्य होऊन माझं गेलं काय? उलट शाळा मिळाली, पुढं त्याच शाळेत नोकरीही.

भाचा : म्हणजे मनातल्या मनात शिष्य असलं की झालं? अरिमथाईचा योसेफही भिऊन लपूनच होता. पण वेळ आली तेव्हा पिलाताकडे जाऊन त्यानं येशूचा देह मागितला.

मावशी : टिळकांना हाच प्रश्न पडला होता. कवी नारायण वामन हं, आपल्या पाखाडीतल्या काका बाप्टिस्टांचे सोबती लोकमान्य टिळक निराळे. १८९५ साली यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बावीस वर्षांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथं बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य.

भाचा : टिळकांनी पगार सोडून दार उघडलं. हा सवलत राखायला दाराबाहेर उभा आहे. दोन्ही सारखं कसं?

मावशी काही क्षण बोलली नाही. मलाही इथं भाच्याचंच पारडं जड वाटतं. दरबाराचं नाव घेऊन कुणीही आपली सोय झाकू शकेल.

भाचा : जर्मनीतल्या धर्मपंडित बोनहोफरनं १९३७ साली हेच लिहिलं. काही न मोजता मिळणारी कृपा स्वस्त असते.

मावशी : त्यानं किंमत मोजली ती स्वतःच्या जिवानं. १९४५ साली नाझींनी त्याला फाशी दिली. पण टिळकांच्या बाप्तिस्म्याची किंमत आधी कुणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. नवऱ्यानं धर्म बदलला आणि बाईचा संसार मोडला. काही वर्षं वेगळी राहिली. पुढं १९०० साली तिनं दीक्षा घेतली ती स्वतः ठरवून, नवऱ्याच्या मागून फरफटत नव्हे.

भाचा : म्हणजे माझ्या सहकाऱ्यानं बाप्तिस्मा घेऊ नये?

मावशी : तसं मी म्हटलं नाही. एवढंच सांग, मुलीला हे ठाऊक आहे का?

भाचा : नसावं. तिच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून घरी विषयच काढत नाही तो.

मावशी : मग तिच्यासाठी थांबलोय असं तो कशाच्या जोरावर म्हणतो? आणि तू तरी तिच्या वाट्याचं सोडायला त्याला कसा सांगतोस? आधी तिच्याशी बोलू दे. आणि तिची फी भरायची वेळ आली, तर आपल्या पॅरिशमधले किती जण पुढं येतील, तेही विचारून ठेव.