निवड आणि निवडीची चौकट

ग्राहकाचे स्वातंत्र्य म्हणजे पर्यायांची उपलब्धता, एवढेच मानले तर एक नैतिक प्रश्न नजरेआड होतो : पर्यायांची मांडणी कोणाची? २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला मीडिया प्लेयर वगळलेली विंडोज उपलब्ध करून देण्यास भाग पाडले. किंमत मात्र तीच राहिली. साहजिकच तिला गिऱ्हाईक जवळजवळ लाभले नाही. पर्याय होता, तो निवडण्याचे कारण नव्हते. २००९ च्या हमीनुसार युरोपात ब्राउझर-निवडीचा पडदा आला. पण मे २०११ ते जुलै २०१२ या काळात तो सुमारे दीड कोटी वापरकर्त्यांना दिसलाच नाही. २०१३ मध्ये आयोगाने ५६.१ कोटी युरोंचा दंड केला. जो पर्याय दिसलाच नाही, तो नाकारलाही जात नाही. तरीही वापरकर्त्याचे मौन संमती म्हणून गणले जाते.

यावर असा आक्षेप संभवतो, की कायद्याने घडवलेला पडदा हीसुद्धा एक चौकटच आहे. आक्षेप खरा आहे. चौकटीविना निवड संभवत नाही. परंतु निकालात ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे त्याने गुपचूप आखलेली चौकट आणि न्यायालयात जिला आव्हान देता येते ती चौकट, यांत नैतिक अंतर आहे. २०२२ चा युरोपीय डिजिटल बाजार कायदा या अंतरावरच उभा आहे. तो ग्राहकाला स्वतंत्र करीत नाही. चौकट आखणाऱ्याला उत्तरदायी करतो.