गुणपत्रकाने घडवलेली शरीरं

१९७२ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या सापोरोत हिवाळी ऑलिंपिक भरलं होतं. महिलांच्या फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्या बियाट्रिक्स शुबाला मिळालं आणि टीव्हीसमोर बसलेल्यांना ते तिलाच का, हे उमगेना. संगीताच्या साथीने होणाऱ्या मुक्त सादरीकरणात शुबा सातवी आली होती. त्या फेरीत अव्वल ठरलेली अमेरिकेची जॅनेट लिन कांस्यपदकावर थांबली होती. याचं उत्तर टीव्हीवर दिसत नव्हतं. स्पर्धेचे निम्मे गुण अनिवार्य आकृत्यांना होते. एका पायावर घसरत, पात्याच्या कडेने बर्फावर वर्तुळं आणि आठाचे आकडे काढायचे, मग त्याच रेषेवरून पुन्हा जायचं. परीक्षक ओणवे होऊन रेषा रेषेवर पडली आहे का ते पाहणार. शुबाच्या काळात या कामात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. पण तासन्‌तास चालणारी, ना संगीत ना टाळ्या अशी ही फेरी प्रक्षेपणात दाखवण्यासारखी नव्हती.

पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने, म्हणजे आयएसयूने, आकृत्यांचा वाटा घटवला आणि लघु सादरीकरण नावाची नवी फेरी आणली. आकृत्यांचं महत्त्व उतरतच गेलं आणि १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून त्या हद्दपार झाल्या.

एका फेरीचे गुण कमी-जास्त होणं ही वरवर कारकुनी बाब. तिचे परिणाम मात्र खेळाडूंच्या वयात उतरले. आकृत्या आत्मसात करायला वर्षं लागत. तिथे चपळाईपेक्षा सराव आणि संयम उपयोगी पडे, त्यामुळे नवख्या पोरींना अनुभवी स्केटर मागे टाकत. आकृत्या गेल्या आणि तो अडसरही गेला. १९९४ ला लिलहामरमध्ये युक्रेनची ओक्साना बायुल १६ व्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली. १९९७ ला अमेरिकेची टॅरा लिपिन्स्की १४ व्या वर्षी जगज्जेती झाली. १९२७ मध्ये हाच मान मिळवणाऱ्या नॉर्वेच्या सोन्या हेनीपेक्षा ती ३२ दिवसांनी लहान होती. पुढच्या वर्षी नागानोत ऑलिंपिक सुवर्णही तिनेच जिंकलं, १५ व्या वर्षी.

फिगर स्केटिंगमध्ये कोण किती उंच उडालं किंवा किती वेगाने गेलं हे मोजून निकाल लागत नाही. माणसं बघतात आणि गुण देतात. म्हणून या खेळाची नियमावली खेळाच्या कुंपणाबाहेर उभी नसते, ती सरळ खेळाडूच्या शरीरात शिरते. कशाला किती गुण हे ठरलं की प्रशिक्षक तेच शिकवतो आणि ते ज्या शरीराला जमतं तेच पुढे जातं. हे अगदी सुरुवातीपासून चालत आलं आहे. १९०२ च्या लंडनमधल्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स या ब्रिटिश स्त्रीने पुरुषांबरोबर नाव नोंदवलं, कारण स्त्रियांना मनाई आहे असं नियमांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कुणाला वाटलीच नव्हती. ती उलरिक साल्खोच्या पाठोपाठ दुसरी आली. १९०६ मध्ये दाव्होस इथे स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद सायर्सनेच नेलं.

अनेक दशकं या खेळाचा परमोच्च गुण होता ६.०. ब्रिटनच्या जेन टॉर्विल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी १९८४ च्या साराएव्हो ऑलिंपिकमध्ये राव्हेलच्या ‘बोलेरो’वर सादरीकरण केलं तेव्हा त्यांना एकूण १२ वेळा ६.० मिळाले, कलात्मक छापेसाठी तर नऊच्या नऊ परीक्षकांनी पूर्ण गुण दिले. ही पद्धत कुणालाही चटकन समजायची. तिच्या पोटात मात्र एक गोम होती. खरा निकाल परीक्षक कुणाला कितव्या क्रमांकावर ठेवतो यावर लागे, आणि क्रमांक लावताना खेळाडूचं नाव, देश आणि आजवरची पुण्याई सगळंच मनात असे.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये हे उघड्यावर आलं. जोडी प्रकारात रशियाच्या एलेना बेरेझ्नाया आणि अँटन सिखारुलिद्झे यांनी कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेतिए यांना ५ विरुद्ध ४ परीक्षकांच्या कौलाने हरवलं. रशियन जोडीची एक उडी उतरताना डळमळली होती. कॅनडाची जोडी निर्दोष होती. फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून हिने आपल्यावर दबाव असल्याचं सांगितलं, मग शब्द फिरवला. अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आलं. ल गून आणि फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष दिदिए गेआगे या दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं.

या बदनामीवरचा उपाय म्हणून २००४ मध्ये नवी गुणपद्धत स्वीकारली गेली. प्रत्येक उडीला, गिरकीला ठरलेली मूळ किंमत. तांत्रिक पथक चित्रफीत थांबवून उडी पुरती फिरली का, कोणत्या कडेवरून घेतली हे तपासणार. परीक्षक त्या घटकाच्या दर्जाप्रमाणे गुण वाढवणार किंवा कापणार. आधी उणे ३ ते अधिक ३, आणि २०१८ पासून उणे ५ ते अधिक ५. शिवाय स्केटिंगचं कौशल्य, रचना, सादरीकरण यांचे वेगळे गुण. आता सगळं दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत कागदावर येतं. आपण कुठे कमी पडलो हे खेळाडूला घरी जाऊन वाचता येतं. ज्या देशांना या खेळाची परंपरा नाही त्यांच्या खेळाडूंना हा कागद मोलाचा वाटला तर नवल नाही. स्पेनच्या हाविएर फर्नांदेझने २०१५ आणि २०१६ ला जगज्जेतेपद मिळवलं, कझाकस्तानच्या डेनिस टेनने २०१४ ला ऑलिंपिक कांस्य.

पण माणसाचा कौल या पद्धतीने संपवला नाही. त्याची जागा तेवढी बदलली. पूर्वी तो रिंकच्या कडेला, सादरीकरण पाहून दिला जाई. आता त्याचा मोठा भाग आधीच, समितीच्या बैठकीत, किमतींचा तक्ता करताना दिला जातो. तीन फेऱ्यांची ट्रिपल लुट्झ ही उडी ५.९० गुणांची आणि चार फेऱ्यांची क्वाड्रुपल लुट्झ ११.५० गुणांची असं तक्त्याने म्हटलं, की एका जादा फेऱ्याची किंमत जवळपास दुप्पट झाली. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी हात वर करून ठरवलेला आहे.

तक्ता हाती आला की त्यातल्या फटी शोधणारेही आले. सादरीकरणाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना, पाय थकलेले असतात म्हणून, दहा टक्के जादा गुण मिळत. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या १५ वर्षांच्या अलिना झगितोव्हाने मुक्त सादरीकरणातल्या सातही उड्या उत्तरार्धात ठेवल्या. पहिली दोन मिनिटं नुसत्या हालचाली, मग उड्यांचा पाऊस. ती २३९.५७ गुणांनी जिंकली. तिचीच सहकारी, दोनदा जगज्जेती झालेली एव्हगेनिया मेदवेदेवा २३८.२६ वर राहिली. त्यानंतर आयएसयूने नियम बदलला आणि मुक्त सादरीकरणात फक्त शेवटच्या तीन उड्यांना जादा गुण ठेवले. झगितोव्हा २०१९ ला जगज्जेती झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिने स्पर्धांत उतरणं थांबवलं. तेव्हा ती १७ वर्षांची होती.

तोवर मुलींच्या स्पर्धेत क्वाड, म्हणजे चार फेऱ्यांच्या उड्या, आलेच होते. मार्च २०१८ मध्ये सोफियातल्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत १३ वर्षांच्या अलेक्झांड्रा त्रुसोव्हाने एकाच सादरीकरणात दोन क्वाड उतरवले. हवेत मिळतो सेकंदापेक्षाही कमी वेळ, आणि तेवढ्यात चार फेरे. अंग जितकं सडपातळ आणि अक्षाजवळ आवळलेलं, तितकं ते वेगाने फिरतं. मुलग्यांना वयात येताना स्नायूंचं बळ मिळतं, उडी उंचावते. मुलींच्या कंबरेची रुंदी आणि वजन वाढतं आणि काल सहज होणारी उडी आज होईनाशी होते. म्हणजे किमतींच्या तक्त्याने न बोलता एक वय निवडलं होतं. मॉस्कोत एतेरी तुत्बेरिद्झे यांच्या हाताखाली एकामागून एक विजेत्या घडत होत्या आणि एकामागून एक बाहेरही पडत होत्या. सोची ऑलिंपिकमध्ये १५ व्या वर्षी सांघिक सुवर्ण जिंकलेली युलिया लिप्नित्स्काया १९ व्या वर्षी निवृत्त झाली. भूक मारणाऱ्या आजारावर, अनोरेक्सियावर, तिला उपचार घ्यावे लागले होते.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हे टोकाला गेलं. रशियाच्या १५ वर्षांच्या कमिला वालियेव्हाच्या, डिसेंबर २०२१ मध्ये घेतलेल्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयरोगावरचं बंदी असलेलं औषध सापडल्याचं स्पर्धा चालू असताना बाहेर आलं. तरीही तिला उतरू दिलं गेलं. मुक्त सादरीकरणात ती पुन्हा पुन्हा कोसळली आणि चौथी आली. पाच क्वाड उतरवूनही त्रुसोव्हा दुसरी आली आणि यापुढे बर्फावर पाय ठेवणार नाही असं रडत ओरडली. सुवर्ण जिंकलेली आन्ना शेर्बाकोव्हा बाजूला एकटीच बसून होती. तिघींपैकी कुणीही त्यानंतर जागतिक स्पर्धेत दिसलेली नाही. युक्रेनवरच्या आक्रमणामुळे १ मार्च २०२२ पासून रशियन खेळाडूंवर बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने वालियेव्हाला चार वर्षांची बंदी घातली. त्यामुळे बीजिंगच्या सांघिक स्पर्धेची सुवर्णपदकं अमेरिकेच्या खेळाडूंच्या गळ्यात पडली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसला, उन्हाळी ऑलिंपिक चालू असताना.

जून २०२२ मध्ये फुकेतच्या अधिवेशनात आयएसयूने वरिष्ठ गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरवलं. ठराव १०० विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला.

अट वाढण्याआधीच खेळाचं वय सरकू लागलं होतं. जपानची काओरी साकामोतो २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं जगज्जेती झाली. महिला गटात हे १९६६ ते १९६८ दरम्यान पेगी फ्लेमिंगने केलं, त्यानंतर कुणालाच जमलं नव्हतं. साकामोतोच्या सादरीकरणात क्वाड नव्हता, ट्रिपल ॲक्सल ही अवघड उडीही नव्हती; वेग होता, लांब पल्ल्याच्या उड्या होत्या आणि बर्फावर खोल धरलेली पात्याची कड होती. २०२४ ला माँट्रिआलमध्ये जोडी प्रकार जिंकणारी डिआना स्टेलाटो-ड्युडेक ४० वर्षांची होती. २००० मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवून, कंबरेच्या दुखापतीमुळे खेळ सोडून, सोळा वर्षांनी ती परतली होती. अमेरिकेची ॲलिसा लिऊ १३ व्या वर्षी राष्ट्रीय विजेती आणि १६ व्या वर्षी निवृत्त. मधल्या काळात ती कॉलेजात गेली, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालून आली. २०२४ मध्ये परतली आणि मार्च २०२५ ला बॉस्टनमध्ये जगज्जेती झाली. २००६ नंतर हे विजेतेपद अमेरिकन स्त्रीला प्रथमच मिळालं. पुनरागमनाला तिची अट होती की संगीत, वेश, सराव यांचा निर्णय ती स्वतः घेणार.

मात्र वय असं सरकण्याला रशियन मुली स्पर्धेत नसण्याचाही हातभार होता. क्वाडची किंमत तक्त्यात अजून मोठीच आहे, आणि ज्युनिअर गटात तेरा-चौदाव्या वर्षी ती मिळवता येते. अट फक्त वरिष्ठ गटाच्या दाराशी उभी आहे. दाराआधीच्या वर्षांत मुलीच्या सांध्यांवर काय भार पडतो, याबद्दल ती गप्प आहे.

शिवाय तक्त्यात काय नसावं हेही कुणीतरी ठरवतंच. मागे उलटी कोलांटी घेण्याला, बॅकफ्लिपला, १९७७ पासून मनाई होती. फ्रान्सची कृष्णवर्णीय स्केटर सूर्या बोनाली पाच वेळा युरोपीय विजेती आणि १९९३ ते १९९५ तीनदा जागतिक उपविजेती. तिची ताकद परीक्षकांच्या लालित्याच्या कल्पनेत कधी बसली नाही, आणि त्यात वर्णाचा भाग किती हा प्रश्न आजही विचारला जातो. १९९८ ला नागानोत, पदक हातचं गेलेलं असताना, तिने परीक्षकांसमोर बॅकफ्लिप घेतली आणि एका पायावर उतरली. गुण कापले गेले. २०२४ मध्ये तीच कोलांटी वैध झाली. अमेरिकेचा इल्या मॅलिनिन, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पर्धेत क्वाड ॲक्सल उतरवणारा पहिला खेळाडू, ती आज बिनधास्त घेतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी नव्याने रुजवलेला मल्लखांब आज अढ्या, दसरंग, ताजवे, फरारे अशा कसरतींना पंचांनी गुण देण्याचा खेळ झाला आहे, आणि २०१९ ला मुंबईत शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. खेळ जगभर न्यायचा तर अवघडपणाचा तक्ता लागणारच. ताजव्यातल्या स्थैर्याला किती आणि झेपेला किती, हे ठरवताना व्यायामशाळेतला कोणता मुलगा किंवा मुलगी कितव्या वर्षापर्यंत खेळणार हेही ठरत जाईल.

फेब्रुवारी २०२६ मधलं मिलान-कोर्तिना हे १७ वर्षांची अट असलेलं पहिलं हिवाळी ऑलिंपिक. जपानच्या माओ शिमादाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन ज्युनिअर जगज्जेतेपदं मिळवली; क्वाड आणि ट्रिपल ॲक्सल दोन्ही तिच्या हाताशी आहेत. तिचा जन्म ३० ऑक्टोबर २००८ चा आणि १७ पूर्ण होण्याची मुदत १ जुलै २०२५, म्हणून चार महिन्यांनी तिचं मिलान हुकलं. आईवडिलांनी तिचं नाव माओ असादावरून ठेवलं आहे. ती असादा २००५ ची ग्रां प्री अंतिम स्पर्धा जिंकूनही, तेव्हाच्या १५ वर्षांच्या अटीत ८७ दिवस कमी पडल्यामुळे, २००६ च्या तुरिन ऑलिंपिकला मुकली होती. पुढे २०१० ला व्हँकुव्हरमध्ये तिने तीन ट्रिपल ॲक्सल उतरवून रौप्य घेतलं. शिमादाचं पुढचं ऑलिंपिक २०३० मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये आहे. तेव्हा ती २१ वर्षांची असेल, आणि तोवर क्वाडची किंमत किती ठेवायची यावर आयएसयूच्या समितीच्या आणखी बऱ्याच बैठका झालेल्या असतील.