बारा लेकरांची शाळा

गेली काही वर्षं मराठी वर्तमानपत्रांच्या संपादकीय पानांवर एकच हिशेब फिरून फिरून छापून येतो आहे. राज्यात २०२३ च्या सुमारास वीसपर्यंत पट असलेल्या शाळा होत्या १४,७८३. त्यांत शिकणारी मुलं १,८५,४६७ आणि शिकवणारे शिक्षक २९,७०७. शाळेमागे जेमतेम साडेबारा मुलं, आणि त्यांच्यासाठी दोन पगार. हे राज्याला परवडतं का, असा प्रश्न विचारून लेखक लगेच उपायही सांगतात: या शाळा मिटवा आणि मुलं गाडीत बसवून मोठ्या ‘समूह शाळे’त न्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने जिल्ह्यांकडून असे प्रस्ताव मागवले आणि नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ व पुण्याचं पानशेत दाखवलं. तेव्हापासून हा हिशेब मांडणाऱ्यांना जोर चढला आहे.

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं आणि आता अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत घरी आहे. आकडे खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. पण हा हिशेब अर्धाच मांडलेला आहे. पगार मोजले. गाडीचं डिझेल, गाडीतली मदतनीस बाई, पावसाळ्यात बुडणारे दिवस, लेकराला रस्त्यापर्यंत सोडायला जाणाऱ्या आईची बुडालेली मजुरी कोणी मोजली? आणि दोन शिक्षक ही चैनही नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक ठरवले आहेत, कारण मुलं बारा असली तरी इयत्ता पाचच असतात. एकाच शिक्षकाला एकाच खोलीत पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचं, चौथीला भागाकार सांगायचा आणि तेवढ्यात तिसरीला धडा वाचायला लावायचा, हे ज्याने केलं आहे त्याला ‘शाळेमागे दोन’ या आकड्यात उधळपट्टी दिसणार नाही.

सरकारचं म्हणणंही एका जागी टिकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये गावातली लहान शाळा पुरेशी नाही, तिथे मुलांचा विकास होत नाही, असं सांगितलं गेलं. पुढे पाचच महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागा देण्याची गरज नाही. कारण काय, तर जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. पण प्रश्न राहतोच. तीच शाळा सप्टेंबरात अपुरी आणि फेब्रुवारीत पुरेशी कशी होते? गरिबाचं पोर खासगी शाळेत जायला निघालं की सरकारी शाळा चांगली, आणि तिच्यावर खर्च करायची वेळ आली की वाईट, एवढाच अर्थ मला यातून काढता येतो.

संपादकीय पानांवरच्या या लेखांमध्ये हटकून एक आधार दिलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शाळा संकुलाची कल्पना आहे, असं म्हटलं की वाद संपला. इथे मला थांबावं लागतं, कारण ही कल्पना २०२० ची नाही. ती कोठारी आयोगाची आहे, १९६६ च्या अहवालातली, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेला हा माणूस आधी धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरीत ग्रामसुधारणेचं काम करत होता, पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत होता. दिल्लीत कागद हाताळायच्या आधी त्यांनी खेड्यातली शाळा आतून पाहिली होती. एकशिक्षकी शाळेचा प्रश्न त्यांनी कधी हिणवला नाही. त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहून, ही शाळा कशी चालवता येईल याचाच विचार केला.

नाईकांच्या डोक्यातलं संकुल काय होतं? मध्ये एक माध्यमिक शाळा आणि भोवतीच्या गावांतल्या प्राथमिक शाळा तिला जोडलेल्या. प्रयोगशाळेचं सामान, पुस्तकं, खेळाचं साहित्य, चांगला गणित शिक्षक हे सगळं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. खेड्यातला शिक्षक एकटा पडू नये, त्याला विचारायला, बोलायला, चूक दाखवायला कोणी असावं, हा त्यामागचा हेतू. गावातली शाळा टिकावी म्हणून संकुल होतं. आज तोच शब्द हाती घेऊन गावातली शाळा उचलली जाते आहे. साधनांनी खेड्याकडे जायचं होतं, त्याऐवजी सहा वर्षांचं पोर साधनांकडे न्यायचं ठरलं आहे. नाईकांनी पुढे आपल्या एका पुस्तकाच्या नावातच समता, गुणवत्ता आणि संख्या यांना हाती न येणारा त्रिकोण म्हटलं. या तिन्हींतली एकच बाजू, संख्या, धरून बाकीच्या दोन तिच्यावर तोलायच्या, हे त्यांना मान्य झालं असतं असं मला वाटत नाही.

आपल्याकडे या कल्पनेचा सांगाडा अजून शिल्लक आहे. दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्याची केंद्रशाळा, केंद्रप्रमुख, महिन्याची शिक्षण परिषद. पण केंद्रप्रमुखांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते भरून घेण्यातच दुपार जाते. जी व्यवस्था आपण चालवलीच नाही ती निकामी आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

इथवर लिहून मी लेख संपवणार होते. कुठलीही शाळा बंद होता कामा नये, एवढंच माझं म्हणणं होतं. तोवर जुलैत नांदगाव पेठेहून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात जाणं झालं. तिथली शिक्षिका माझ्या ओळखीची. पट बारा: पहिलीत दोन, दुसरीत तीन, तिसरीत एक, चौथीत चार, पाचवीत दोन. गावात मुलं याहून जास्त आहेत, पण सकाळी आठला पिवळी व्हॅन येते आणि ती कॉन्व्हेंटला जातात. सहशिक्षक मतदार याद्यांच्या कामाला गेलेले. खिचडी उतरली होती, फोडणीचा वास वर्गात येत होता. तिसरीतली एकटी मुलगी खांबाला टेकून सातचा पाढा म्हणत होती. सात चोक अठ्ठावीसपर्यंत आली, अडली, आणि तिने इकडेतिकडे पाहिलं. हळूच सांगायला शेजारी कोणी नव्हतं. पुढचं आठवलं तेव्हा तिच्याकडे पाहायलाही कोणी नव्हतं. बाई पहिलीच्या पोराचं बोट धरून ‘ग’ गिरवत होत्या.

मधल्या सुटीत मी मुलांना खो-खो खेळायला सांगितलं. चौथीतला मुलगा म्हणाला, “बाई, नऊ-नऊ गडी कुठून आनाचे?” खरंच होतं. बारा लेकरांत दोन बाजू पडत नाहीत, आणि त्यातली पाच तर सहा-सात वर्षांची.

त्या दिवसापासून माझं म्हणणं बदललं. मुलाला मूल लागतं. संपादकीय पानावरचे लेखक खर्चाबद्दल बोलतात तेव्हा मला पटत नाही, पण त्यांच्या लेखात कुठेतरी कोपऱ्यात असलेलं हे वाक्य खरं आहे आणि मी ते इतकी वर्षं मान्य करत नव्हते. शाळा वाचवायची म्हणून त्या तिसरीतल्या मुलीला आणखी दोन वर्षं एकटीला पाढे म्हणायला लावणं हाही अन्याय आहे.

पण म्हणून शाळेला कुलूप लावायचं का? आमच्याच जिल्ह्यात उत्तरेला मेळघाट आहे. धारणी-चिखलदऱ्याची कोरकू लेकरं सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून आश्रमशाळेत जातात. त्या शाळांनी अनेक घरांतला पहिला शिकलेला माणूस घडवला, हे मी नाकारत नाही. पण घरची भाषा, आईची कूस आणि गाव एकदम सुटल्यावर लहानग्याचं काय होतं, हेही तिथे दिसतं. नववीतल्या पोराला वसतिगृह पंख देतं. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं ते खेड्यातल्या पोरांना पुढचं शिक्षण मिळावं म्हणून. पहिलीच्या पोराचं तसं नाही.

नांदगाव पेठेत राहणाऱ्याला ‘समूह’ हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीत १,३५० मेगावॅटचं वीजकेंद्र आलं, कापडाचे कारखाने आले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याहून पंतप्रधानांनी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. सूत, माग, रंगाई, शिलाई एका जागी आणली की वाहतूक वाचते, हे बरोबरच आहे. पण तिथे आधी रस्ता केला, पाणी आणलं, वीज आणली, मग कारखान्याला बोलावलं. शाळेच्या बाबतीत उलटं चाललं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळांवर गदा आली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या निकषांनी सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असेल तिथे शिक्षकाचं पदच ठेवलं नाही. पद आधी गेलं, गाडीचं बोलणं अजून सुरूच आहे.

मला आता असं वाटतं: पहिली ते पाचवी गावातच राहावी, दोन शिक्षकांसह. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी म्हणा, तीन-चार गावांची लेकरं केंद्रशाळेत एकत्र आणावीत. तिथे खो-खोच्या दोन बाजू पडतील आणि तिसरीच्या त्या मुलीला सहा-सात मैत्रिणी मिळतील. सहावीपासून मुलं एकत्र शिकावीत, याला माझी आता हरकत नाही. पण गाडी आधी सुरू व्हावी, एक पावसाळा ती नीट चालावी, आणि मग ग्रामसभेने व शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावं. मुंबईतून किंवा पुण्यातून पटाचा आकडा पाहून नाही.

त्या गावात दुपारी समितीची बैठक होती. सोयाबीनचं निंदण सोडून आया आल्या होत्या. कोणी सरकारला शिव्या दिल्या नाहीत. पाचवीतल्या मुलीची आई उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाई, मोठ्या शाळेत धाडाले आमची ना नाही. पण नाल्याले पूर आला तं गाडी येईन काय? अन् नाही आली तं पोरगी रातभर कुठी राहीन?”

शिक्षिकेने तो प्रश्न तिच्याच शब्दांत ठराववहीत लिहून घेतला. खाली दहा सह्या आहेत आणि एक अंगठा.