शाळेच्या भिंतीवरील इतिहास

पुस्तकातील इतिहास आणि भिंतीवरील इतिहास यांत एक मोठा भेद आहे. पुस्तक मिटता येते, भिंत मिटता येत नाही. पुस्तकातील अप्रिय प्रकरण केव्हा शिकवावयाचे ते गुरुजी ठरवितात. त्याच्या आधी चार शब्द सांगतात, मागाहून दोन प्रश्न विचारतात आणि वर्गातील एखाद्या मुलाचा चेहरा उतरला तर थांबतात. भिंतीवरील चित्राला हे काही करता येत नाही. ते मुलाला रोज भेटते, मग त्या दिवशी त्याचे मन कसेही असो. सबब शाळेची इमारत इतिहासाच्या चित्रांनी सजवावी असे जो समाज ठरवितो, त्याने केवळ शोभेचे काम काढले असे समजू नये. त्याने एक कायमचा शिक्षक नेमलेला असतो. आणि तो शिक्षक मुका असतो.

या नेमणुकीतून केवढा नैतिक पेच उत्पन्न होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी घडले. तेथील जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूल 1936 साली सुरू झाले. तो काळ महामंदीचा होता, आणि बेकार कलावंतांना काम देण्यासाठी सरकारने सार्वजनिक इमारती रंगविण्याची योजना हाती घेतली होती. त्या योजनेतून व्हिक्टर आर्नाउटॉफ या चित्रकाराने शाळेच्या प्रवेशदालनात आणि जिन्यालगत वॉशिंग्टनच्या चरित्रावर तेरा भित्तिचित्रे काढली. हा गृहस्थ मूळचा रशियन. झारच्या घोडदळात त्याने नोकरी केली होती, आणि पुढे मेक्सिकोत डिएगो रिव्हेरा या विख्यात भित्तिचित्रकाराच्या हाताखाली तो काम शिकला होता. त्याची मते डाव्या बाजूची होती, आणि ती त्याच्या कुंचल्यात उतरली.

राष्ट्रपित्याच्या नावाची शाळा, तेव्हा राष्ट्रपित्याचे स्तवन व्हावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. आर्नाउटॉफने वॉशिंग्टन दाखविला. पण त्याच्या माउंट व्हर्नन येथील वाडीवर राबणारे कृष्णवर्णी गुलामही दाखविले. वॉशिंग्टन 1799 साली वारला तेव्हा त्या वाडीवर तीनशेंहून अधिक गुलाम होते, ही गोष्ट इतिहाससिद्ध आहे. दुसऱ्या एका चित्रात वॉशिंग्टन पश्चिमेकडे बोट दाखवीत आहे, आणि राखी रंगात रंगविलेले गोरे वसाहतवाले एका मूळनिवासी पुरुषाच्या प्रेताजवळून पुढे चालले आहेत. स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या राष्ट्राचा पाया कशाकशावर रचला गेला, हे त्याने न बोलता सांगितले. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत या गोष्टींना फारसे स्थान नव्हते. म्हणजे ज्या वेळी पुस्तके गप्प होती त्या वेळी ही भिंत बोलली, असे म्हणावयास हरकत नाही.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. पेच पुढे आहे. त्या शाळेत गोऱ्यांचीच मुले जात नसत. ज्यांचे पूर्वज त्या चित्रांत गुलाम म्हणून वाकलेले आहेत, आणि ज्यांचा पूर्वज त्या चित्रात मरून पडला आहे, त्यांचीही मुले तोच जिना चढत होती. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनी या चित्रांविरुद्ध तक्रार मांडली. पन्नास वर्षांनी ती पुन्हा उठली, आणि जून 2019 मध्ये शिक्षणमंडळाने चित्रांवर रंग फासण्याचा ठराव एकमताने संमत केला. देशभर गदारोळ झाला. ऑगस्टमध्ये मंडळाने, चित्रे नष्ट न करता झाकून टाकावी, असा दुसरा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी केला. माजी विद्यार्थ्यांचा संघ न्यायालयात गेला. 2021 साली न्यायालयाने मंडळाचा निर्णय रद्द ठरविला, आणि 2022 साली मंडळाने स्वतःच तो मागे घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. न्यायालयाने मंडळाविरुद्ध निकाल दिला तो, ठरावापूर्वी कायद्याने आवश्यक असलेली पर्यावरणविषयक छाननी झाली नव्हती, या कारणाने. चित्रे राहावीत हे न्याय्य की अन्याय्य, याचा निवाडा त्यात नव्हता. त्यामुळे भिंत वाचली, तरी प्रश्न होता तेथेच राहिला.

चित्रांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की चित्रकाराचा हेतू शुद्ध होता, आणि त्याने दाखविले ते सत्य आहे. दोन्ही विधाने आम्हांस मान्य आहेत. परंतु त्यांनी वाद संपतो असे आम्हांस वाटत नाही. हे सत्य कोणास सांगावयाचे होते? ज्यांना ते ठाऊक नव्हते, किंवा ज्यांनी ते विसरणे सोयीचे मानले होते, त्यांस. गुलामांच्या पणतूला गुलामगिरी शिकविण्यास भिंतीची गरज नव्हती. ती त्याच्या घरातच सांगितली जात होती. म्हणजे धडा एकाने घ्यावयाचा आणि त्याचे मोल दुसऱ्याने द्यावयाचे, असा हा व्यवहार झाला. अशा मुलाने ‘हे पाहून मला दुखते’ असे म्हटले असता, ‘चित्रकाराचा हेतू तुला कळला नाही’ असे त्यास उत्तर देणे म्हणजे पाय भाजलेल्यास विस्तवाचे उपयोग सांगत बसण्यासारखे आहे. त्याचे दुःख हा अज्ञानाचा पुरावा नव्हे. आपल्या पूर्वजाचे प्रेत शाळेच्या वाटेवर रोज दिसणे ही दुःखाचीच गोष्ट आहे.

उलट पक्षी, झाकून टाकण्यानेही न्याय होत नाही. पांढरी केलेली भिंत त्या मृतास कोणताच मान देत नाही. ती केवळ 1936 सालच्या पाठ्यपुस्तकांइतकी गप्प होते. स्तुतिपाठक इतिहासकार आणि कनवाळू रंगारी यांचे हेतू परस्परविरुद्ध असले, तरी दोघांच्या हातून गुलाम चित्राबाहेरच जातात. शिवाय या चित्रांची जात निराळी आहे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालविलेला रंग लावावयाचा, आणि गिलावा वाळता वाळता रंग त्यात कायमचा बांधला जावयाचा, अशी ती पद्धत. अजिंठ्याची चित्रे वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. येथे मात्र चित्र भिंतीवर नसून भिंतीतच असते. ते सहजी उतरवून दुसरीकडे नेता येत नाही.

या वादात आम्हांस सर्वांत शहाणा वाटला तो ड्यूई क्रम्पलर हा कृष्णवर्णी चित्रकार. पहिल्या तक्रारीनंतर, उत्तरादाखल नवी चित्रे काढण्याचे काम या तरुणाकडे आले. त्याने कृष्णवर्णी, मूळनिवासी, लॅटिन अमेरिकन आणि आशियाई लोकांचा संघर्ष व कर्तृत्व दाखविणारी चित्रे 1974 साली पुरी केली. जुन्या चित्रांत वाकलेली माणसे आहेत, नव्यांत ताठ उभी असलेली. आणि 2019 साली तोच क्रम्पलर आर्नाउटॉफची चित्रे राखावीत म्हणून पुढे आला. कारण प्रश्न पुसून टाकला तर उत्तराला अर्थ उरत नाही.

मग 1974 नंतर पुन्हा तक्रार का उठावी? आम्हांस असे दिसते की एका मुक्या शिक्षकाशेजारी दुसरा मुका शिक्षक बसविल्याने वर्ग चालत नाही. भिंतीने आपले काम केले. बोलावयाचे होते ते माणसांनी. चित्रकाराने शाळेस एक कठीण सत्य दिले, ते काय आहे, कोणी काढले, का काढले, त्यात कोण कोठे उभा आहे आणि का, हे प्रत्येक नव्या मुलास जिना चढण्यापूर्वी समजावून देणे हे शाळेचे देणे होते. असे देणे एकदा फेडून संपत नाही. दर वर्षी नवी मुले येतात आणि दर वर्षी ते नव्याने उभे राहते. जेथे ते फेडले जात नाही तेथे सत्यचित्र हळूहळू नुसती सजावट होते; आणि प्रेताची सजावट ही कोणत्याही मुलास असह्य वाटावी यात नवल नाही.

आपल्याकडे शाळांतून थोरांच्या तसबिरी असतात, त्यांस वर्षातून एकदा हार पडतो. त्यांविरुद्ध सहसा कोणी तक्रार करीत नाही, कारण त्या कोणास काही विचारीत नाहीत. त्या मानाने विचारणारी भिंत आम्ही अधिक मोलाची समजू. मात्र ‘राखा’ असे म्हणणाऱ्याने त्याबरोबर येणारे काम आपल्या शिरावर घेतले पाहिजे. केवळ कलेच्या नावाने चित्र राखावे, आणि ते सोसण्याचे काम सर्वांत लहानांकडे सोपवावे, हा न्याय नव्हे. ज्या शाळेत रोज बोलण्याची तयारी आहे तिने अशी चित्रे अवश्य ठेवावीत. ज्या शाळेत ती नाही, तिने पडदा लावण्याचा विचार करण्याआधी आपल्या शिक्षकांकडे पाहावे.