पान्ह्याचा हिशेब

गाय व्याली की घरात चिकाची वाट पाहिली जाते. गूळ, वेलची, जायफळ घालून तो वाफवायचा, वड्या पाडायच्या, चार शेजारी द्यायच्या. खरवसाला नको म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्याच घरातली सून बाळंत झाली की मात्र तिचा पहिला पिवळसर, दाट चीक ‘जड’ ठरतो आणि काही घरांत तो आजही पिळून टाकतात. वासराच्या वाट्याचं आपण खायचं आणि बाळाच्या वाट्याचं फेकायचं, हा व्यवहार चमत्कारिकच म्हणायचा. चीक पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम चमचाभर येतो, म्हणून आई घाबरते. पण बाळाला तेव्हा तेवढाच पुरतो. त्यातली संरक्षक प्रथिनं आतड्याच्या अस्तरावर जंतूंना थारा देत नाहीत, आणि पोटातली काळी चिकट शी बाहेर पडायलाही तो मदत करतो.

चीक फेकण्याचा सगळा दोष जुन्या ग्रंथांवर ढकलता येत नाही. चरकसंहिता मध-तूप चाटवल्यावर लगेच उजव्या स्तनापासून पाजायला सांगते. सुश्रुतसंहितेच्या मते दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री उतरतं, तोवर चाटणावर भागवावं. दोन मतं समोर होती, आपण सोयीने उशिराचं उचललं. चाटणातला मधही आता वर्षभर वर्ज्यच. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात. अर्भकांचा हा आजार ओळखला गेला तो १९७६ मध्ये, तेव्हा प्राचीन वैद्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. प्रश्न आपला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली सुमारे ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात आईच्या अंगावर पाजलेली बाळं जेमतेम ४२ टक्के. दवाखान्यापर्यंत आपण पोचलो, पहिल्या तासापर्यंत नाही.

त्याच सुश्रुतसंहितेत एक फार सूक्ष्म निरीक्षण आहे. दूध वाहू लागतं ते बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेसुद्धा. यामागचं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण शेतकऱ्याला हे केव्हापासून ठाऊक आहे. धार काढण्याआधी तो वासरू सोडतो, ते दोन ढुशा देतं, गाय पान्हा सोडते, मग चरवी पुढे येते. गाईशी त्या वेळी कुणी चढ्या आवाजात बोलत नाही. बाळंतिणीच्या खाटेभोवती मात्र पाचजणी उभ्या राहून विचारतात, “आलं का गं दूध?” भीती, वेदना आणि संकोच पान्हा अडवतात. दूध तयार असून उतरत नाही, आणि घरभर बातमी होते की हिला दूधच नाही.

पान्हा सोडणं हा एक भाग झाला. दूध तयार होणं हा दुसरा. तिथे प्रोलॅक्टिनचा कारभार चालतो, आणि तो रात्री जोरात असतो, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नये. मात्र खरी किल्ली बाळाच्या तोंडात आहे. जितकं दूध निघेल तितकं पुढे तयार होतं; साचून राहिलेलं दूध स्वतःच पुढच्या दुधाला आवर घालतं. पुरत नाही म्हणून वरचं दिलं, आणि वरचं दिलं म्हणून खरोखरच पुरेनासं झालं, ही कहाणी घरोघरची. काही जणींना खरंच कमी दूध येतं, काही बाळांना डॉक्टरच वरचं सुरू करतात; त्यात अपराध काही नाही. पण असं किती जणींचं असतं, आणि किती जणींना नुसतं कुणी नीट धरायला शिकवलेलं नसतं?

धरायला शिकवणं म्हणजे काय, हे एखाद्या अनुभवी परिचारिकेच्या हाताकडे पाहून कळतं. ती स्तनाला हात लावत नाही, आधी बाळाला वळवते. पोटाला पोट, कान-खांदा-कंबर एका रेषेत. बोंड वरच्या ओठाला हलकेच लावते आणि थांबते. बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करतं, त्या क्षणी ती त्याला झटकन जवळ घेते. हनुवटी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, बोंडाभोवतीचा काळसर भाग बराचसा तोंडात जातो. आधी भरभर चोखणं, मग संथ, आणि गिळल्याचा बारीक आवाज. नुसतं बोंडच तोंडात गेलं तर दूध कमी येतं, चिरा पडतात, आणि पुढच्या वेळी आई बाळ जवळ घ्यायलाच कचरते. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा हे घडायचं असतं, घड्याळाकडे न बघता. पुरतं की नाही याचा पुरावा लंगोट देतात: पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा ओले. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत बहुधा भरून येतं. रडणं हा पुरावा नव्हे. तान्ही बाळं संध्याकाळी उगाचही रडतात.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा यांच्यावर माझा राग नाही. ते आईचं खाणं आहे, तिने खावं. पण सव्वा महिन्याच्या विश्रांतीत खरं मोलाचं होतं ते म्हणजे चूल दुसऱ्या कुणी सांभाळणं. दोन खोल्यांच्या घरात लाडू डब्यातून येतात, ती दुसरी बाई येत नाही.

हिरकणीची आख्यायिका आपण आईच्या धाडसाची म्हणून सांगतो. कोजागिरीला ती रायगडावर दूध घालायला गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, आणि घरच्या तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली. मला ती कामावर अडकलेल्या बाईची गोष्ट वाटते. महाराजांनी तिच्या नावाने तिथे बुरूज बांधला म्हणतात. कौतुक झालं खरं, पण पुढच्या गवळणीला तीही वाट उरली नाही. आज एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या, आणि २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. निव्वळ अंगावर पाजायचे सहा महिने त्यात बसतात. हे सारं मस्टरवर नाव असलेल्या बाईसाठी. बीडहून ऊसतोडीला निघालेली बाई नवऱ्यासह ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. उचल दोघांची, खाडा दोघांचा. तिचं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं. आठ ते बारा वेळांपैकी किती वेळा मोळ्या थांबतात, हे मुकादमालाच विचारायला हवं.