मोरी कोणी उपसावी?

गेल्या आषाढातील एका शनिवारी सकाळी उद्याच्या उपदेशाची टिपणे घेऊन आम्ही ओसरीवर बसलो असता, आमच्या नाशिक येथील बिऱ्हाडाच्या परसातील मोरीचे पाणी पुढे जाण्याचे सोडून मागे येऊ लागले. भांडी घासण्याच्या जागी घोटाभर काळे पाणी साचले, त्यावर भाताची शिते व राखाडी फेस तरंगू लागला, आणि घरातून हाक आली, "अहो, मोरी तुंबली. कोणाला तरी बोलवा."

ह्या "कोणाला तरी" विषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय ओंगळ आहे. पाळकाने अशा गोष्टींवर वर्तमानपत्राची जागा अडवू नये असेही कोणी म्हणेल. परंतु जे प्रत्येक घरात रोज घडते, त्याविषयी मौन धरिल्याने ते स्वच्छ होत नाही.

सुतार पाहिजे असला म्हणजे मनास करवत व रंधा आठवतो. त्या दिवशी मात्र आमच्या मनास कोणतेही हत्यार आठवले नाही. एक वस्ती आठवली. नाल्याच्या कडेची ती वस्ती आणि तेथील माणसे. आणि हे मन कोणाचे? ज्याच्या आजोबांनी सिन्नर तालुक्यातील एका खेड्यात गावकीची मेलेली गुरे ओढिली, त्याच्या नातवाचे. आजोबांच्या दारीही अशीच हाक येत असे, आणि हाक मारणाऱ्यास त्यांचे नाव घेण्याची गरज पडत नसे. दोन पिढ्यांत आम्ही हाक ऐकणाऱ्यांचे हाक मारणारे झालो! ह्या विचाराची लाज वाटून आम्ही टिपणे बाजूस ठेविली व बाह्या वर सारिल्या. लाजेच्या भरात केलेले काम धड होत नाही, हे पुढे दिसेलच.

आमच्या परसातील नळ चार इंची आहे. मोरीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत तो सुमारे तीस फूट जमिनीखालून जातो; वाटेत एक व शेवटी एक असे झाकणाचे दोन चेंबर आहेत. आम्ही मोरीच्या तोंडाशी उकिडवे बसून बांबूची लांब कामटी आत घातली व जोराने ढोसू लागलो. अर्धा तास ढोसले. पाणी तसूभरही उतरले नाही; उलट होते ते अधिकच घट्ट बसले.

इतक्यात आमच्या मंडळीतील एक वृद्ध पंच भेटीस आले. त्यांचे गाव निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी. मुलाकडे शहरात आले म्हणजे ते आमच्याकडे अवश्य येतात. आमच्या हातातील कामटी पाहताच ते दारातच थांबले.

"पाळकसाहेब, हे काय?"

"बाबा, मोरी तुंबली आहे. आपली आपण काढावी म्हटले."

त्यांनी काही वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "माझ्या बापाला हेच करायला बोलवत. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्याने खराटा टाकला, तो मरेपर्यंत परत उचलला नाही. मीही कधी हात लावला नाही. आणि आज आमचा पाळक तो उचलतो. तुमची लेकरे बघतात ना?"

वाचकहो, अशा प्रश्नास आम्हां शिकलेल्या लोकांजवळ ठरीव उत्तरे असतात. श्रम पवित्र आहे. कोणतेही काम हलके नाही. प्रभूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले. ही सर्व आमच्या ओठांवर आली आणि तेथेच थांबली. पाय धुणारा गुरू होता. त्याच्यापाशी थोरपण होते म्हणून ते त्याने खाली ठेविले. ज्यास थोरपण कधी हाती धरूच दिले नाही, त्यास "ते खाली ठेव" असे कोणत्या तोंडाने सांगावे?

हा वाद नवा नाही. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन जन्माने ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्यांनी भंगीकाम आपणांस द्यावे असा आग्रह धरिला. उच्चवर्णीय कैद्यास ते काम देण्याची तुरुंगाची रीत नव्हती; म्हणून त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. ज्या कामास लाखो लोक जन्माने बांधलेले, ते करू देण्यासाठी एका मनुष्यास उपाशी राहावे लागले! अप्पासाहेबांविषयी आम्हांस मोठा आदर आहे. तथापि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधीजींवरील ग्रंथात घेतलेला आक्षेपही तितकाच खरा आहे. त्याचा आशय असा की, साफसफाईचे काम थोर म्हणून गौरवावयाचे आणि ते करावयाचे मात्र त्याच एका जातीने, ही दुबळ्यांची थट्टा होय. अप्पासाहेब मैला उचलून तुरुंगाबाहेर आले तेव्हाही ब्राह्मणच होते. मेहतराच्या घरी जन्मलेला मुलगा आयुष्यात कधी खराटा न उचलताही लोकांच्या दृष्टीने मेहतरच राहिला. तेव्हा डाग कामात नाही, सक्तीत आहे, असे आम्हांस वाटते.

ह्या बाबतीत नाशिकच्या मंडळीस आपलाच एक जुना दाखला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे वसलेल्या शरणपुरात, गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना आणून शिकविले जाई, आणि अक्षरांबरोबर लोहारकाम, सुतारकाम असे हातचे धंदेही त्यांस दिले जात. लिव्हिंग्स्टन साहेबांचा मृतदेह १८७४ साली ज्याने इंग्लंडास पोहोचविला, तो जेकब वेनराइट येथेच शिकला. ज्यांच्याकडून उद्या चाबकाने काम घेतले जावयाचे होते, त्यांच्या हाती येथे पुन्हा कामच दिले. बाहेरून पाहता दोन्ही श्रमच. मधला फरक एवढाच की, त्या मुलास आता "नाही" म्हणता येत होते. आश्रय देणाऱ्याच्या तोंडावर "नाही" म्हणणे किती कठीण असते, हेही येथे विसरून चालणार नाही.

आम्ही पंचांस काही समजावून सांगण्याच्या योग्यतेचे नाही, ह्यास दुसरेही एक कारण आहे, आणि ते लिहिल्यावाचून हा लेख खोटा होईल. २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही दुसऱ्या एका गावी होतो. तेथील बंगल्याचा संडासाचा टाका भरला. आम्ही एका मनुष्यास बोलाविले, पैसे ठरविले, आणि तो दोर धरून आत उतरला. थोड्या वेळाने त्याचा आवाज बंद झाला. वरच्या दोघांनी ओढून काढिले तेव्हा त्याचे डोळे फिरले होते. तो लिंबाखाली तासभर पडून राहिला. देवाच्या दयेने वाचला. आम्ही त्यास लिंबूपाणी दिले, ठरल्यापेक्षा शंभर रुपये अधिक दिले, आणि आपण उदारपणा केला असे समजून त्या रात्री स्वस्थ झोपलो. लिंबूपाणी कोणत्या पेल्यातून दिले हे आम्हांस आठवत नाही असे लिहिले तर ते असत्य होईल. तो पेला घरातला नव्हता.

त्यापूर्वीच, २०१३ साली, असे काम कोणाकडून करवून घेण्यास बंदी करणारा कायदा देशात झाला होता. संरक्षणाच्या साधनांवाचून मनुष्यास गटारात अथवा टाक्यात उतरविणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, मग उतरविणारी नगरपालिका असो की देवळाची पंचकमिटी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कामात मेलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे ठरविले. २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. आमच्या शंभर रुपयांचा हिशेब त्या आकड्यांजवळ मांडून पाहावा. बंद टाक्यात जो विषारी वायू साचतो त्यास आधी सडक्या अंड्यासारखी घाण येते. पण तो वाढला म्हणजे नाकच बधिर होते व घाण येईनाशी होते. आत उतरलेल्यास वाटते, संकट टळले; आणि तेव्हाच तो कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही कोसळतो. खेड्यातील आमच्या बांधवांनी एवढे तरी मनात कोरून ठेवावे: टाक्यात कोणीही उतरू नये व कोणास उतरवू नये. त्यासाठी उपसा करणारी गाडी मिळते, ती मागवावी.

मग पैसे देऊन कोणाकडून काहीच करवून घेऊ नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. नळकाम जाणणारा कारागीर आपली हत्यारे घेऊन येतो, दर सांगतो, परवडत नसेल तर निघून जातो. त्यात वाईट काय? परंतु ज्यास बोलाविले त्यास नकार देता येतो काय, त्याच्या मुलास उद्या देता येईल काय, आणि जे आपण उघड्या हातांनी करणार नाही ते त्याच्याकडून उघड्या हातांनी मागतो आहो काय, हे विचारल्याशिवाय नुसता पैसा मोजल्याने आपण ऋणमुक्त होत नाही. आणि घरच्या मोरीपुरते पाहिले तर हा प्रश्नही पुष्कळ वेळा उद्भवतच नाही. ते काम आपले आपल्यास सहज होण्याजोगे असते.

ह्यातील थोडेसे आम्ही पंचांस बोललो, त्या टाक्याची हकीकतही सांगितली. ते ऐकून घेत होते. शेवटी काठीने भिंतीकडे दाखवून म्हणाले, "शेवटचे झाकण उघडून पाहिले का?"

पाहिले नव्हते. दोन्ही झाकणे पहारीने उचलून, आतली हवा जाईपर्यंत दूर उभे राहिलो. पहिला चेंबर काठोकाठ भरलेला, शेवटचा कोरडा. म्हणजे बोळा त्या दोहोंच्या मध्ये. "वरून ढोसले तर बोळा आवळतो. खालून वर घाला, आणि एका बाजूला उभे राहा," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतः कशासही हात लाविला नाही, आणि आम्हीही तसे सुचविले नाही. तो त्यांचा हक्क होता. विद्या मात्र त्यांचीच होती. ती त्यांच्या बापाने कोणत्या किमतीस मिळविली असेल ते देव जाणे.

खालून पाचसात वेळा कामटी फिरविताच आतून ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि सर्व पाणी एकदम धावत सुटले. त्यामागून बोळा आला. परसातील उंबराचे एक केसासारखे मूळ सांध्यातून आत शिरले होते. त्याभोवती साबणासारखी पांढरी चरबी थरांवर थर बसली होती, कारण तळणीचे तेल गरम असता पातळ असते, पण जमिनीखालच्या गार नळात ते थिजते व साबणाशी मिळून दगड होते. त्यात चहाचा चोथा, भात, केस, घासणीचे तंतू आणि आमच्याच सदऱ्याचे एक बटण होते. त्या बोळ्यात परक्याची एकही वस्तू नव्हती. घरखर्चाची वही वाचावी तसे आम्ही ते वाचले.

कामासंबंधी थोडे सांगून ठेवतो. पुष्कळ जण अशा वेळी बाजारातील तेजाब आत ओततात. मूळ व बोळा त्याने सहसा हलत नाहीत, धूर मात्र छातीस लागतो, आणि कपडे पांढरे करण्याची पूड त्याच नळात गेली असेल तर दोहोंपासून विषारी वायू निघतो. त्यापेक्षा मोरीच्या तोंडाशी जाळी असावी, तेल ओतून न देता कागदाने पुसून घ्यावे, आणि नळास चाळीस फुटांत एक फूट इतका तरी उतार असावा. खेड्यात जेथे गटार नाही तेथे घरामागे हातभर दगड घालून, तीन फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा विहिरीपासून पुष्कळ दूर करावा. आपले सांडपाणी शेजाऱ्याच्या दारावरून वाहत जाणे, ह्याइतके भांडणाचे जुने बी खेड्यात दुसरे नाही, हे पंचकमिट्यांत बसणाऱ्यांस सांगावयास नको.

हात धुऊन आम्ही ओसरीवर बसलो. चहा आला. बाबांनी बशीत ओतून घेतला व विचारिले, "हे पाणी पुढे जाते कुठे?"

आम्ही सांगितले की, शहरातील गटारांचे पाणी तपोवन, आगरटाकळी अशा ठिकाणच्या शुद्धीकरण केंद्रांकडे नेतात व तेथून ते गोदावरीत सोडितात. पावसाळ्यात नाल्यांतून काही तसेच नदीत जाते. पुढे नदी निफाड तालुक्यातून नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यास मिळते.

"म्हणजे आमच्याकडेच," बाबा म्हणाले. बशी रिकामी करून त्यांनी ती खाली ठेविली. "तर मग जाळी आजच बसवा, पाळकसाहेब. आणि तेल जरा बेताने ओता."

जाळी आम्ही त्याच सायंकाळी बसविली. उपदेशाची टिपणे मात्र राहून गेली.